ह्यात पाय जायाचा न्हाई

गेल्या श्रावणातल्या एका सोमवारी कपिलेश्वराच्या देवळाबाहेरून माझ्या चपला गेल्या. सकाळपासून पाऊस भुरभुरत होता, दर्शनाची रांग वळसा घालून बाहेरपर्यंत आली होती आणि चपलांचा एवढा ढीग पडला होता की कुणी चुकून पायात सरकवल्या असतील असंच मी मनाला सांगितलं. ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून अर्धा तास वाट बघितली. कुणी परत येईना. अकरा वर्षं वापरलेल्या चपला होत्या त्या. पट्ट्यावर बारीक वेणी, दोन्ही बाजूंना छोटे कान, अंगठ्याजवळ चामडं काळंभोर झालेलं. निपाणीला माझ्या माहेरच्या गल्लीच्या तोंडाशी जे मामा बसतात, त्यांच्या हातच्या. नव्या तशाच करून घ्यायच्या तर नमुना हवा, आणि नमुनाच तर गेला होता. म्हणून त्या रात्री मी आठवून आठवून चपलेचं चित्र काढलं. कार्ट्रिज कागद, टू-बी पेन्सिल, दोन तास. वेणीचा एक एक पेड काढला, त्याखालची सावली बोटानं पसरवली. लेकीनं फोटो काढून स्टेटसला ठेवला, शाळेतल्या दोघी-तिघींनी विचारलं, हे तुम्ही काढलंय?

पंधरा दिवसांनी माहेरी गेले तेव्हा तो कागद पुठ्ठ्यात घालून नेला. बेळगावहून निपाणी 75 किलोमीटरच्या आसपास. हत्तरगी, संकेश्वर मागं टाकत जाताना पुठ्ठा मांडीवरून हलू दिला नाही. मामा दुकानात नेहमीच्याच जागी होते. पुढ्यात गुळगुळीत झालेला दगड, उजव्या हाताशी रापी आणि आरी, बादलीत भिजत घातलेलं चामडं. हिरड्याचा तो तुरट, जड वास लहानपणापासून ओळखीचा. त्यांनी हात धोतराला पुसून कागद घेतला, लांब धरला, जवळ धरला, थोडा वाकडा केला.

“नक्षी बरी काढलीया,” ते म्हणाले. “पर ह्यात पाय जायाचा न्हाई, अक्का.”

बोलण्यात दोष काढल्याचा सूर नव्हता. ह्या भांड्यात पाणी राहायचं नाही असं कुणी सहज सांगावं, तसं सांगितलं त्यांनी. मग एक कोरा कागद जमिनीवर पसरला आणि म्हणाले, ठेवा पाय. मी पाय ठेवला. त्यांनी पेन्सिल अगदी उभी धरून पायाभोवती फिरवली, टाचेपासून करंगळीपर्यंत, तिथून अंगठ्याला वळसा, आणि आतल्या बाजूनं परत टाचेला. मी सहज विचारलं, एवढी उभी का धरता? तर म्हणाले, आत कलली तर पाय बारका होतो, भायेर कलली तर चप्पल सैल पडते. दहा सेकंदांचं काम. त्या रेषेत माझा पाय होता. माझ्या दोन तासांच्या कागदात तो नव्हता.

परतीच्या बसमध्ये मी चित्र पुन्हा काढून बघितलं आणि मग ते दिसलं. तळ मी वरून बघितल्यासारखा काढला होता, ओल्या पावलाचा ठसा उमटतो तसा. पट्टा समोरून बघितल्यासारखा. टाच बाजूनं. तीन वेगवेगळ्या ठिकाणी उभं राहून बघितलेल्या तीन गोष्टी मी एका कागदावर चिकटवल्या होत्या, आणि पट्टा तळावर सपाट निजला होता, पाकिटाला गुंडाळलेल्या रबरासारखा. पट्टा आणि तळ यांच्यामध्ये जी मोकळी जागा असते, जिथं पाय राहतो, ती जागा मी काढलीच नव्हती. वेणीचे पेड मात्र सगळे होते.

मी गणित शिकवते. वीस वर्षांहून जास्त काळ फळ्यावर वर्तुळं आणि चौकोन काढतेय. आयताचे कर्ण एकमेकांना कुठं छेदतात हे झोपेतसुद्धा सांगेन. त्यामुळे जे मला माहीत आहे ते मला दिसतंच, असा माझा समज होता. चप्पल लांबट असते हे मला माहीत होतं, म्हणून मी ती लांबट काढली. डोळ्यांसमोर ती तशी दिसते का, हे विचारायचं राहून गेलं. लहानपणी आम्ही ड्रॉईंगची लोअर आणि हायर परीक्षा दिली होती. कळशी, बादली, पुस्तकांची चळत, केळ्याचा घड, एखादा कांदा. कळशीचं तोंड गोल असलं तरी लंबगोल काढायचं, एवढं आमच्या सरांनी पक्कं घोटून घेतलं होतं. पुढं बेळगावात आल्यावर के. बी. कुलकर्णींनी केलेली व्यक्तिचित्रं बघायला मिळाली आणि नाकाशेजारची सावली गालावर कशी विरघळते ते तासन् तास बघत राहिले. भांड्यांकडं बघायला शिकले, चेहऱ्यांकडं बघायला शिकले. पायातल्या वस्तूकडं बघायला मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मलाही ते कधी सुचलं नाही.

ते का सुचलं नाही, हे खरी चप्पल समोर ठेवून काढायला बसले त्या पहिल्याच दिवशी कळलं. मी यजमानांची चप्पल धुऊन, पुसून, खाली वर्तमानपत्र घालून पुढच्या खोलीतल्या स्टुलावर ठेवली. सासूबाई आतून आल्या आणि दारातच थबकल्या. “अगं, पायातली वस्तू ती. डोळ्यांसमोर काय मांडून बसलीस?” त्या रागावल्या नव्हत्या, खरंच दुखावल्या होत्या. आणि मला त्यांचं नवल वाटलं नाही, कारण चप्पल हातात घेताना माझीही बोटं क्षणभर आखडली होती. लहानपणी चपलेला हात लागला तर हात धुवायला लावायचे. चप्पल उलटी पडली तर पायानंच सरळ करायची. मामांच्या दुकानात आमच्या घरची माणसं उंबऱ्याबाहेर उभं राहून बोलायची, पैसे खाली ठेवायची, आणि त्यांनी शिवलेल्या चपला घालून लग्नाला जायची. मी सहावी-सातवीत असताना हे रोज बघत होते. तेव्हा काही वाटलं नाही, हे आज सांगायला जड जातं. चपलेचं चित्र धड येत नव्हतं त्यामागं नुसता सरावाचा अभाव नव्हता. तिच्याकडं सरळ नजरेनं बघायचं नसतं, हे अंगात मुरलेलं होतं.

स्टूल काढलं. चप्पल जमिनीवर ठेवली आणि मीही जमिनीवर बसले.

जमिनीवर बसल्याचा फायदा झाला. मांडी घालून बसल्यावर माझे डोळे जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर येतात. चप्पल साडेसहा फुटांवर, तोंड माझ्याकडं. हात ताठ करून, एक डोळा मिटून पेन्सिलीवर माप घेतलं. पेन्सिलीच्या टोकापासून अंगठ्याच्या नखापर्यंत चपलेची रुंदी धरली, मग पेन्सिल उभी करून लांबी धरली. दोन्ही जवळजवळ सारखी! मला पटेना. हात हलला असेल म्हणून पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. मग वहीत आकडेमोड केली. अडीच भागिले साडेसहा, म्हणजे नजर जमिनीशी सुमारे 21 अंशांचा कोन करते. साइन 21 म्हणजे 0.36 च्या आसपास. दहा इंच लांबीची चप्पल त्या जागेवरून साडेतीन इंचांएवढीच दिसायला हवी, आणि तिची रुंदी तर चार इंचाला जरा कमी. म्हणजे डोळा बरोबर होता. दहावीच्या वर्गाला त्रिकोणमिती शिकवताना मी टॉवर आणि झाडांच्या उंच्या काढून दाखवते, आणि दाराशी पडलेल्या चपलेला तोच नियम लागतो हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. त्या रात्री मी नीट झोपले नाही. आनंदानं.

पुढचे तीन महिने घरात तळच तळ. आधी जमिनीवर लांबट खोका आखायचा, त्याच्या पुढच्या आणि मागच्या कडा डोळ्याला दिसतील तेवढ्याच जवळ आणायच्या. मग त्यात कर्ण काढायचे. ते जिथं छेदतात तो खोक्याचा खरा मध्य, आणि कागदावर मोजाल तर तो मध्यावर नसतो, पलीकडच्या कडेकडं सरकलेला असतो, कारण पलीकडचा अर्धा भाग आक्रसून दिसतो. तळाचा सगळ्यात रुंद भाग बोटांच्या टोकापासून साधारण एक तृतीयांशावर येतो. तिथली आडवी रेष सरळ काढली की चप्पल लाकडी दिसते. ती तिरकी असते: अंगठ्याच्या बाजूचं हाड पुढं, करंगळीच्या बाजूचं मागं. आपलाच पाय चवड्यावर दुमडून बघावा, घडी तिरकीच पडते. आतली कड आत वळते, बाहेरची जवळजवळ सरळ जाते. एवढं सांभाळलं की डावी कुठली, उजवी कुठली ते पट्टा काढण्याआधीच ओळखू येतं.

जोडी काढणं आणखी अवघड. दारात कुणी चपला समांतर काढून ठेवत नाही. यजमानांची उजवी नेहमी थोडी बाहेर फाकलेली, डावी तिच्या टाचेला टेकलेली. दोघींच्या कडा लांबवत नेल्या की त्या डोळ्यांच्या उंचीच्या एकाच आडव्या रेषेला जाऊन मिळतात, पण वेगवेगळ्या ठिकाणी. मी आधी दोन्ही एकाच बिंदूला नेत होते, म्हणून दुकानाच्या काचेत मांडल्यासारख्या दिसायच्या. घरी आलेल्या माणसानं काढून ठेवल्यासारख्या दिसत नव्हत्या.

ह्या कामी खिडकीच्या गजांनी मोठी मदत केली. आमची पुढची खिडकी ओट्यावर उघडते आणि तिला उभे-आडवे जुने गज आहेत. आत एका ठरावीक जागी, हनुवटी पुस्तकांच्या चळतीवर टेकवून बसलं की ओट्यावरच्या चपला गजांच्या चौकटींत वाटल्या जातात. कागदावर तशाच चौकटी आखायच्या आणि कुठल्या चौकटीत कुठला तुकडा येतो तेवढंच उतरवायचं. हनुवटी हलली की सगळं चुकतं. जर्मन चित्रकार ड्यूररच्या पुस्तकाच्या 1538 सालच्या आवृत्तीत नेमकी अशी चौकट आहे म्हणे, असं मी घरात सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “बघू, मला बसव तिथं.” त्या बसल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “माझी डावी बाहेरून झिजलीय गं. म्हणून गुडघा दुखतो काय?” दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची चप्पल माझ्यासमोर आणून ठेवली. हातानं.

तळ यायला लागला तरी पट्टा येत नव्हता. मामांचं वाक्य तिथंच अडून बसलं होतं. पट्ट्याला आकार देतो तो पाय, आणि चित्र काढताना पाय तिथं नसतो. मग एक दिवस चहाचा कप उचलताना माझ्याच मनगटावरच्या बांगडीकडं लक्ष गेलं. हात समोर धरला की बांगडी गोल, फिरवत नेला की लंबगोल, आणखी फिरवला की मिटून नुसती रेघ. चपलेचा पट्टा म्हणजे पायात घातलेली रुंद बांगडीच, तिचा खालचा अर्धा भाग तळात बुडालेला. चप्पल तोंड करून समोर असेल तर ही बांगडी उघडी दिसते, बाजूनं बघाल तशी मिटत जाते. मी पुरी बांगडी काढायला लागले, तळाच्या आरपार, आणि मग खालचा भाग खोडायचा. त्याही आधी, अगदी हलक्या हातानं, एच पेन्सिलीनं, पाय काढायचा: घोट्यापासून उतरत येणारी पावलाची कमान, अंगठा, त्याच्या शेजारची फट. त्या पायाला चप्पल घालायची. आणि मग पाय पुसून टाकायचा. एक पाय पुसायला दहा मिनिटं लागायची, कारण पट्ट्याच्या आतली सावली तेवढी राखायची असते. ती सावली म्हणजेच पाय येऊन गेल्याची खूण.

शाळेतही नजर खालीच राहायला लागली. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर मुलं बूट काढून जातात. काळे शाळेचे बूट, पांढरे कॅनव्हासचे, मधेच एखादी प्लॅस्टिकची चप्पल, कुणाचा तरी मोठ्या भावाचा बूट दोन नंबर जास्तीचा, पुढं कागद कोंबलेला. बुटाचं पुढचं टोक जमिनीला टेकत नाही, जरासं उचललेलं असतं. ते उचललेलं काढलं नाही तर बूट चिखलात रुतल्यासारखा दिसतो. घोट्याभोवतीचं तोंड लंबगोल, पण कळशीसारखं आडवं नाही, मागं चढतं आणि पुढं नाडीकडं उतरतं. जून-जुलैत त्या सगळ्यांवर खानापूरकडची लाल माती वाळलेली असते आणि कोण पायी येतो, कोण गाडीवरून, ते सांगावं लागत नाही. वर्गात गणितात मागं पडणाऱ्या एका मुलाचे बूट मी रोज बघायचे. टाचा आतून पार झिजलेल्या. तो खरंच किती चालत येतो हे मी त्याला त्यानंतर विचारलं. आधी विचारायला हवं होतं.

नव्या चपला दिवाळीत मिळाल्या. पहिले आठ दिवस चावल्या, रात्री तेल लावून ठेवलं, मग हळूहळू ओळख झाली. त्यांना सगळे कोल्हापुरी म्हणतात, मीही म्हणते, पण अथणी, मदभावी, निपाणी ह्या गावांतही तीच चप्पल पिढ्यान् पिढ्या होत आलीय. 2019 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांना आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर. बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर. आमच्या भागात पाटी कुठल्या भाषेत लावायची यावरून माणसं डोकी फोडून घेतात. मामा चपलेच्या कानाला माझ्याशी बोलताना कान म्हणतात आणि अथणीहून माल न्यायला आलेल्या माणसाशी बोलताना कानडीत किवी म्हणतात. दोन्ही वेळा बोट त्याच चामड्यावर असतं. तळ आणि पट्टा ते चामड्याच्याच वादीनं शिवतात, खिळा मारत नाहीत. कागदावर ती शिवण काढताना मी आता टाके मोजत बसत नाही, वादी कुठं आत जाते आणि कुठं वर येते एवढं बघते. माझ्या पहिल्या चित्रातली वेणी सुंदर होती, पण ती कुठूनच आत गेली नव्हती आणि कुठूनच बाहेर आली नव्हती.

संक्रांतीनंतर पुन्हा निपाणीला गेले. पुठ्ठ्यात एकच कागद. नव्या चपलांतली उजवी, तोंड थोडं डावीकडं, ओट्यावर सकाळी आठच्या उन्हात. जवळजवळ तीन आठवडे त्यावर घालवले होते. दुकानात गिऱ्हाईक होतं, म्हणून थांबले. ह्यावेळी बाहेर उभी राहिले नाही, आत जाऊन बसले. मामांनी बसायला गोणपाट सरकवलं. गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी हात पुसले, कागद घेतला, तो दगडावर सपाट ठेवला आणि वाकून बघायला लागले. खूप वेळ. मग त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं जोडली आणि कागदावर, पट्ट्याच्या तोंडाशी आणली, आत सरकवायला आणावीत तशी. कागदच तो, बोटं थांबली. पण ती आत जायला निघाली होती, हे मी बघितलं.

“अंगठा फुडं गेलाय,” ते म्हणाले. “ह्यो घालून चाललात तर बोट भायेर येतंय. हितं पायजे.”

आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी आरी उचलून कागदावर टोचली. चामड्याला टोचतात तशीच, मनगट न हलवता, एक झटका. वर बघून म्हणाले, चा घेनार काय. मी म्हटलं, घेते की.

घरी येऊन मोजलं. मी काढलेल्या अंगठ्याच्या मुळापासून चार मिलिमीटर मागं आहे ते भोक, मोहरीएवढं. चित्र खिडकीच्या गजांना क्लिपनं अडकवून ठेवलंय. सकाळी आठच्या सुमाराला ऊन ओट्यावर येतं तेव्हा त्या भोकातून एक ठिपका आत येतो आणि हळूहळू फरशीवरून सरकत जातो.